बाळंतिणीची पिशवी, सोनोग्राफी आणि आपला सव्वा महिना

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपली जुनी माणसे म्हणत. पण मूल झाले, ते रडले, पेढे वाटले की आपण निर्धास्त होतो. घरदार बाळाभोवती जमते. बाळंतिणीची काळजी घेतली जाते ती डिंक, अळीव आणि खारीक-खोबऱ्यापुरती. तिचे गर्भाशय पूर्ववत होते आहे की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुरुष तर मुळीच नाही. मीही केली नव्हती. म्हणूनच कारकुनी करणाऱ्या माणसाने हा विषय हाती घेतला आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्या ताईकडे आली होती. बाळंतपण दवाखान्यात झाले. तिसऱ्या दिवशी मायलेकरे घरी आली. आठवड्याभरात अंगावरून जाणे कमी झाले. अकराव्या दिवशी मात्र पुन्हा लालभडक रक्त सुरू झाले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "जाऊ दे गं, घाण जाते. पोट मोकळं होतंय." दुसऱ्या दिवशी ताईने मला फोन केला. मार्चअखेर होती, कचेरीत हिशेबाची घाई होती. मी म्हणालो, "उद्या बघू." त्याच रात्री पोरीला ताप भरला आणि मोरीकडे जाताना घेरी येऊन ती खाली बसली. "मामा, डोळ्यांपुढं अंधारी येते," एवढेच ती मला म्हणाली.

दवाखान्यातील डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले, सलाईन लावले, रक्त तपासणीला पाठविले आणि मग सोनोग्राफी केली. वारेचा एक तुकडा गर्भाशयात राहून गेला होता. हिमोग्लोबिन सहावर आले होते. दोन पिशव्या रक्त चढवावे लागले. तुकडा काढल्यावर रक्त थांबले. भाची वाचली.

डॉक्टरबाईंनी आधीच्या दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड मागितले होते. त्यावर तारीख होती, वेळ होती, बाळाचे वजन होते. वार पूर्ण बाहेर आली की नाही, ती जागा कोरी होती. चूक त्यांची होतीच. पण अकराव्या दिवसापासून चूक आमचीही होती.

गर्भाशय पूर्ववत कसे होते?

बाळ जन्मल्यावर गर्भाशयाचे वजन साधारण एक किलो असते. सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमवर येते. बाळंतपणानंतर पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या आसपास चेंडूसारखा कडक गोळा लागतो. तो रोज सुमारे एक बोट खाली उतरतो आणि दोन आठवड्यांत पोटावरून हाताला लागेनासा होतो. वार जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळले की त्या दाबल्या जाऊन रक्त थांबते. बाळाला पाजताना पोटात कळ येते, तीही याच आवळण्याची खूण आहे.

अंगावरून जाणारा स्राव पहिले तीन-चार दिवस लाल, पुढे दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी आणि नंतर पिवळसर-पांढरा असतो. चार ते सहा आठवड्यांत तो थांबतो. मधूनच थोडे लाल दिसले म्हणजे संकटच आले असे नाही. पण कमी झालेले रक्त पुन्हा भरपूर जाऊ लागले, मोठ्या गुठळ्या पडल्या, दुर्गंधी आली किंवा ताप आला, तर ती घाण जात नसते. तो धोक्याचा इशारा असतो.

अतिरक्तस्राव पहिल्या चोवीस तासांत होऊ शकतो, तसाच त्यानंतर बारा आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो. पहिल्या दिवशीचे मोठे कारण म्हणजे गर्भाशय सैल पडणे. शिवाय वार न सुटणे, मार्गाला जखम होणे, रक्त न गोठणे हीही कारणे असतात. नंतरच्या रक्तस्रावाला बहुधा आत राहिलेला वारेचा तुकडा, जंतुसंसर्ग किंवा वारेची जागा नीट न आवळणे कारणीभूत असते.

सोनोग्राफी काय दाखवते?

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला पोटातले बाळ आठवते, नाहीतर गर्भलिंग तपासणीच्या बातम्या. काही घरांत तर बाळंतिणीची सोनोग्राफी म्हटल्यावर "आता कशाला? मूल तर झालं!" असे विचारतात. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती गर्भलिंग निदानाला, सोनोग्राफीला नव्हे.

या तंत्राचा एक धागा कारखान्यातून आला आहे. धातूच्या भांड्यांत व सांध्यांत तडा आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासण्याचे यंत्र होते. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन एका बॉयलर कारखान्यात गेले आणि त्या यंत्राने त्या तपासल्या. पुढे टॉम ब्राउन या अभियंत्याच्या मदतीने त्यांनी माणसासाठी यंत्र तयार केले आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले. पोटाचा असाध्य कर्करोग समजलेल्या एका बाईला प्रत्यक्षात अंडाशयाची मोठी गाठ आहे, हे त्यांना या तपासणीत दिसले. ती गाठ काढता आली.

आजचे यंत्रही त्याच तत्त्वावर चालते. आपल्या कानाला ऐकू न येणारे ध्वनी शरीरात जातात, आदळून परततात आणि त्यांचे चित्र उमटते. यात क्ष-किरण नसतात. बाळाला पाजणाऱ्या आईला त्याची भीती नाही. पोटावर जेल लावून तपासतात. कधी अधिक स्पष्ट पाहण्यासाठी योनीमार्गातून तपासावे लागते. त्याआधी बाईला नीट सांगून तिची संमती घेतली पाहिजे, आणि सोबत घरची बाई असू द्या म्हणून सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही.

गर्भाशयाचा आकार, आतल्या पोकळीत रक्ताच्या गुठळ्या, वारेचा तुकडा, सिझेरियनच्या जखमेजवळ साचलेले रक्त किंवा पू, हे या तपासणीत दिसू शकते. डॉप्लर तपासणीत त्या भागातला रक्तप्रवाहही कळतो. संशयित तुकड्यात रक्तप्रवाह दिसला तर तो वारेचा असण्याची शक्यता वाढते. मात्र प्रवाह दिसला नाही म्हणून तुकडा नाहीच, असे म्हणता येत नाही.

यंत्राची मर्यादाही ओळखा

गुठळी आणि वारेचा तुकडा चित्रात सारखे दिसू शकतात. सुरुवातीच्या दिवसांत निरोगी बाळंतिणीच्या गर्भाशयातही थोडे रक्त, पाणी, कधी हवेचे बुडबुडे दिसतात. त्यामुळे तक्रार नसताना प्रत्येक बाळंतिणीची सोनोग्राफी करण्याची गरज नाही आणि रिपोर्टवर काही लिहिले आहे म्हणून लगेच पिशवी साफ करायलाही धावू नये. बाळंतपणानंतर गर्भाशयाची भिंत मऊ असते. साफ करताना तिला भोक पडू शकते, पुढे आतून चिकटून पाळीचा व मूल राहण्याचा प्रश्न येऊ शकतो. बाईची तक्रार, तपासणी आणि चित्र, तिन्ही मिळून डॉक्टर ठरवतात. कधी औषधे आणि लक्ष ठेवणे पुरते, कधी तुकडा काढावाच लागतो. "हे आताच करणे का जरूर आहे?" असे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

उलट, रक्त धो धो जात असेल तर सोनोग्राफीच्या रांगेत थांबू नका. अशा वेळी गर्भाशय आवळणारी इंजेक्शने, सलाईन आणि रक्त आधी लागते. गावात यंत्र नाही म्हणून घरी बसणे हा तर सर्वांत वाईट मार्ग.

आपण काय करावे?

तासाभरात एक पॅड किंवा कापडाची घडी पूर्ण भिजली, लिंबाएवढ्या गुठळ्या पडल्या, १००.४ अंश फॅरनहाईट किंवा जास्त ताप आला, स्रावाला दुर्गंधी आली, ओटीपोट फार दुखले, घेरी आली, दम लागला, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, डोके ठणकून अंधुक दिसू लागले किंवा झटका आला, तर रात्र-दिवस न पाहता निघावे. १०८ किंवा १०२ ला फोन करावा.

दवाखान्यातून घरी येताना डिस्चार्ज कार्डावर वार पूर्ण आल्याची नोंद आहे का, हे वाचून घ्या. नसेल तर तिथेच विचारा. साध्या बाळंतपणानंतरही निदान ४८ तास दवाखान्यात राहावे. घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायला हव्यात. त्या बाळाचे वजन करतात तेव्हा आईने आपलीही तक्रार सांगावी.

पैशांसाठी अडू नका. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, सोनोग्राफी आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीही पुढे त्यात घेतल्या गेल्या. कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेल्या अर्जाचे काय होते, ते मी रोज पाहतो.

एक गोष्ट आपल्या घरातलीच. 'विटाळ' हा शब्द आपण टाकला. पण सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, बाळंतिणीच्या तक्रारीत पुरुषाने तोंड घालायचे नाही, हे नियम मात्र अनेक घरांत तसेच राहिले. सव्वा महिन्याची विश्रांती बाईला जरूर द्या. पण तो महिना म्हणजे दवाखान्याची बंदी नव्हे.

भाचीचा मुलगा आता तीन वर्षांचा झाला आहे. गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका तरुणाचा रात्री दहाला फोन आला. बायकोला बाळंत होऊन चौदा दिवस झाले होते, रक्त पुन्हा सुरू झाले होते, आणि हे कोणाला विचारावे याची त्याला लाज वाटत होती. मी त्याला एवढेच म्हणालो, "कार्ड घे, चप्पल घाल, मी गल्लीच्या तोंडाशी येतो."