जुन्या मालमोटारीची अर्थ-तार : तपासणी, बदल व योग्य जागा

शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी जुन्या डिझेल मालमोटारीवर विसंबून असणारे शेतकरी पुष्कळ आहेत. अशी गाडी पहाटे सुरू होईनाशी झाली की, दोष प्रथम बॅटरीला दिला जातो. नवी बॅटरी बसविली तरी काही दिवसांनी पुन्हा धक्का मारण्याची पाळी येते. मग स्टार्टर उघडला जातो. बराच खर्च झाल्यावर कळून येते की, दोष या दोहोंत नसून बॅटरी, चासी व एंजिन यांना जोडणाऱ्या अर्थ-तारेत होता.

दोष कसा उत्पन्न होतो?

बॅटरीच्या धन टोकाकडून स्टार्टरकडे गेलेला प्रवाह एंजिनच्या धातूतून व अर्थ-तारेतून ऋण टोकाकडे परत येतो. जाण्याची वाट जितकी चांगली, तितकीच परतीचीही असावी लागते. एंजिन रबरी बैठकींवर बसविलेले असल्याने त्याचा चासीशी विद्युत्-संबंध मुख्यतः या तारेमुळेच राहतो. बॅटरीतील आम्ल, चिखल व गंज यांनी तिचे सांधे कुजतात.

स्टार्टर फिरताना शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. सांध्यात अवघा ०.००५ ओहम रोध असला व ४०० अँपिअर प्रवाह वाहत असला, तर १२ व्होल्टपैकी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि ८०० वॅट उष्णता निर्माण होते. डिझेल एंजिनात इंधन पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. स्टार्टर मंद फिरला तर हवा पुरेशी तापत नाही. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात, जेथे बॅटरीची शक्तीही थंडीने घटते, तेथे ही अडचण विशेष जाणवते. शिवाय अर्थ-तार तुटल्यास प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलीसारखी आडवाट शोधतो. ती तापून आगीचाही धोका संभवतो.

तपासणी

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक लावावा व एंजिन सुरू होऊ नये म्हणून बंद करण्याची कळ ओढून धरावी. मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी एंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवून सहकाऱ्याकडून स्टार्टर काही सेकंद फिरवून घ्यावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास असल्यास अर्थ ठीक समजावी. अर्धा व्होल्ट वा अधिक असल्यास टोक ते तार, तार ते चासी, चासी ते एंजिन असा एकेक सांधा तपासून दोष हुडकावा.

नवी तार व नवी जागा

काम सुरू करताना अर्थची तार प्रथम सोडावी व शेवटी जोडावी. धन टोक आधी सोडताना पान्हा चासीला लागल्यास ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. काही जुन्या गाड्यांत धन टोक चासीला जोडलेले असते. म्हणून खूण आधी पाहून घ्यावी. एंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडू नये. त्यामुळे अल्टरनेटर निकामी होण्याचा संभव असतो.

मुख्य अर्थ-तार बॅटरीखाली चिखलात बसविण्यापेक्षा सरळ एंजिनवर, स्टार्टरच्या बैठकीच्या बोल्टवर किंवा त्याच्या जवळ आणणे हितावह होय. एंजिन ते चासी व चासी ते केबिन असे दोन स्वतंत्र पट्टे द्यावेत. त्यामुळे दिव्यांचा मंदपणाही पुष्कळदा दूर होतो.

तार अनेक पदरी तांब्याची व स्टार्टरच्या धन तारेइतकी तरी जाड असावी. अंतर वाढल्यास जाडीही वाढवावी. टोकाची थिंबल यंत्राने घट्ट दाबून घ्यावी. बसविण्याच्या जागेचा रंग व गंज काचकागदाने घासून धातू चकचकीत करावा, थिंबल थेट धातूवर ठेवावी, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मगच वरून ग्रीस लावावे. एंजिन हलते, म्हणून तारेला थोडी ढील ठेवावी. ती सायलेन्सरच्या नळीपासून व डिझेलच्या नळ्यांपासून दूर न्यावी, आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी एखाद्या गाडीवर प्रत्यक्ष करून दाखवावी. पावसाळा संपताच व सुगीची वाहतूक सुरू होण्यापूर्वी गाडीचे सर्व अर्थ-सांधे एकदा उघडून, घासून, पुन्हा आवळावेत. एवढ्या अल्प श्रमाने नव्या बॅटरीचा अनाठायी खर्च वाचेल, आणि काढलेला भाजीपाला गाडीतच कोमेजण्याचा प्रसंगही टळेल.