दोनाचा सदुसष्टावा घात, उणे एक

मंडळी, आधीच कबूल करते. कॉन्व्हेंटची कृपा, त्यामुळे सदुसष्ट म्हणजे ५७ की ६७ हे मला रूममेटला विचारावं लागलं. ती पोट धरून हसली. पण आता हा आकडा मी जन्मात विसरणार नाही.

६७ वेळा दोन घेऊन गुणाकार करा आणि एक वजा करा. उत्तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. आपला कॅल्सी पहिले दहा-बारा अंक दाखवून हात वर करतो. १६४४ मध्ये मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने ही मूळ संख्या, म्हणजे आपला प्राइम नंबर, असल्याचं लिहून ठेवलं. १८७६ मध्ये लुकासने दाखवलं की नाही, हिचे अवयव पडतात. कोणते? ते त्यालाही माहीत नव्हतं!

इथे माझं डोकं फिरलं. अवयव न सापडता ते आहेत हे कळतं कसं? लुकासच्या पद्धतीला लेहमरने १९३० मध्ये सोपं रूप दिलं. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. असं घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. (घात स्वतः विषम आणि मूळ हवा.) ३१ वर करून बघा, म्हणजे दोनाचा पाचवा घात उणे एक. तीन पायऱ्या: १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. मूळ! आपल्या संख्येला ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. संख्या फुटते हे पक्कं, पण कुठे फुटते ते ही पद्धत सांगतच नाही.

नेटबँकिंगमध्ये वापरलं जाणारं आरएसए याच फरकावर उभं आहे. मोठ्या मूळ संख्या ओळखणं सोपं, पण दोघींचा गुणाकार करून टाकला की परत फोडणं महाकठीण.

आपली संख्या १९०३ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक कोलने फोडली: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. सांगतात की त्याने सभेत एक शब्द न बोलता हा गुणाकार फळ्यावर केला, आणि किती वेळ लागला विचारल्यावर म्हणाला, तीन वर्षांचे रविवार. किस्सा रंगवलेला असेलही.

आम्ही दोघींनी एक रविवार दिला, फक्त गुणाकार तपासायला. तासाभराने नऊची कसोटी लावली. अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी १ उरायला हवा होता, उरले ७.

"चुकलंय गं," रूममेट म्हणाली.

"कुठे?"

"ते कुठे कळतंय यातून!"

सगळं परत तपासलं. सातची ओळ तीनदा लागते म्हणून एकदाच करून तिन्हीकडे उतरवली होती, आणि तिच्यात एक हातचा राहिला होता. चूक एक, नुकसान तीन जागी. दुरुस्त केल्यावर एकवीसच्या एकवीस अंक जुळले. तोवर मेस बंद झाली होती.