कुत्र्याच्या अंगाचा उग्र वास

काजूच्या दिवसांत पिकलेली बोंडे खाण्यास उदमांजर रात्री आपल्या तुये गावच्या बागायतींत येते. कुत्र्याने ते कोंडले म्हणजे शेपटीखालच्या ग्रंथींतून घाण वासाचा स्राव सोडते. अमेरिकेतील स्कंक हा प्राणीही असेच करतो.

स्राव तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने वास जात नाही. म्हणून कोणी रॉकेल किंवा फिनेल चोळतात. तसे कदापि करू नये. त्याने कातडी भाजते व अंग चाटताना विष पोटात जाते.

कुत्र्याला घराबाहेरच बांधावे. हातमोजे घालून कोरड्या फडक्याने स्राव टिपावा, मग साबणाचा फेस पाच मिनिटे ठेवून दोनदा धुवावे.

तरीही वास राहिल्यास स्कंकसाठीचा उपाय करून पाहावा: 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 1 लिटर, पाव कप खायचा सोडा, चमचाभर पातळ साबण. (6 टक्क्यांचे मिळाल्यास तितकेच पाणी घालावे.) डोळे सांभाळून लावावे, पाच मिनिटांनी धुवावे. उरलेले ओतून द्यावे. बाटलीत कोंडल्यास ती फुटते.

मात्र आधी चावा लागला आहे का ते पाहावे. रानटी प्राण्यापासून रेबीज होऊ शकतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि पूर्वी लस दिलेली असली तरी कुत्र्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. माणसाला दात लागल्यास जखम तशीच धुवून ताबडतोब दवाखाना गाठावा.