बहुविकलांग व्यक्तींचे पोषण

एकापेक्षा अधिक विकलांगता असलेल्या व्यक्तीस पुरेसे व सुरक्षितपणे गिळता येईल असे अन्न मिळावे आणि तिची शुश्रूषा करणाऱ्याचेही पोषण नीट राहावे, यासाठी योजिलेल्या उपायांना पोषण-साहाय्य म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतील २१ विकलांगतांत बहुविकलांगतेचा समावेश असून अंधबधिरताही तीत मोडते.

कारणे : या व्यक्तींचे कुपोषण केवळ घरात अन्न नसल्यानेच होते असे नाही. मेंदूच्या पक्षाघातात ओठ, जीभ व घसा यांच्या स्नायूंचे नियंत्रण बिघडते. चावणे व गिळणे मंदावते आणि एका जेवणास बराच वेळ लागतो. अन्नकण श्वासनलिकेत गेल्यास वरचेवर फुप्फुसदाह होतो. जेवताना खोकला येणे, आवाज घरघरणे व डोळ्यांत पाणी येणे ही त्याची लक्षणे होत. काहींत मात्र खोकलाही येत नाही. बद्धकोष्ठ व जठरातील अन्न वर येणे यांमुळे भूक मंदावते. अपस्मारावरील फेनिटॉइन व फेनोबार्बिटल यांसारख्या औषधांच्या दीर्घ वापराने ड जीवनसत्त्वाची उणीव होऊन हाडे ठिसूळ होऊ शकतात.

मापन : उभे राहता न येणाऱ्याची उंची गुडघ्याच्या उंचीवरून किंवा नडगीच्या लांबीवरून काढतात. मुलास कडेवर घेऊन शुश्रूषकाचे वजन करावे व त्यातून शुश्रूषकाचे एकट्याचे वजन वजा करावे. हालचाल कमी असलेल्यास ऊर्जा कमी लागते, तर सतत अनैच्छिक हालचाली होणाऱ्यास ती अधिक लागते. म्हणून सर्वांना एकच प्रमाण लागू पडत नाही.

आहार व भरविण्याची रीत : धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या आसपासच्या ज्वारी-तुरीच्या प्रदेशात नेहमीच्या जिनसांतूनच योग्य आहार तयार करता येतो. कोरड्या भाकरीचे कण घशात विखुरतात. तीच घट्ट वरणात भिजवून व घोटून एकजीव केल्यास गिळणे सुलभ होते. ज्वारीत कमी असलेले लायसीन हे ॲमिनो अम्ल तुरीच्या डाळीतून मिळते. सबंध शेंगदाणे घशात अडकण्याचा धोका असल्याने ते अगदी बारीक वाटून कण्यांत मिसळावेत. चमचाभर (५ ग्रॅ.) तेलाने आहाराचे आकारमान फारसे न वाढता सु. ४५ किलोकॅलरी ऊर्जा वाढते. पाणी व ताक हे पातळ पदार्थ घशात वेगाने उतरतात. ते कितपत घट्ट करावेत हे तज्ञाने तपासून ठरवावे. भरविताना व्यक्तीस आडवे ठेवू नये. पाठीस आधार देऊन बसवावे, मान किंचित पुढे झुकलेली असावी आणि आधीचा घास गिळल्यावरच पुढचा द्यावा. तोंडाने पुरेसे अन्न जात नसल्यास अल्पकाळ नाकातील नळीने व दीर्घकाळासाठी जठरछिद्रातून अन्न देतात. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतर्दर्शकीय पद्धतीमुळे असे छिद्र पोट न उघडता करता येते.

शुश्रूषक : हे काम बहुधा आईकडे असते. भरविण्यातच वेळ गेल्याने तिचे स्वतःचे जेवण लांबते वा अपुरे राहते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सु. ५४% स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशक्त शुश्रूषकास वाढत्या वयाच्या व्यक्तीस उचलणे, बसविणे व सावकाश भरविणे जमत नाही आणि त्याचा परिणाम दोघांच्याही प्रकृतीवर होतो. यास्तव आहाराची तपासणी दोघांचीही करावी व दिवसातील निदान एका जेवणास घरातील दुसऱ्या व्यक्तीने भरवावे.

शासकीय साहाय्य : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबास दरमहा ३५ किग्रॅ. धान्य मिळते. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी शुश्रूषक-भत्त्याची तरतूद २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आहे. धान्य व भत्ता यांबरोबरच, मिळालेल्या धान्याचा गिळता येईल असा घास कसा करावा, याचे शिक्षण घरोघरी पोहोचणे तितकेच आवश्यक आहे.