घराचा सौदा : किती बोलावे, कुठे थांबावे

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. ताग्याचे टोक हातात घेऊन पोत पाहिल्याशिवाय आणि पन्हा मोजल्याशिवाय आम्ही दर बोलत नाही. मीटरमागे आठ आण्यांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. पण हाच व्यापारी मुंब्रा, कल्याण किंवा डोंबिवलीत घर घ्यायला निघाला की त्याचा हिशेब सुटतो. मालक ४८ लाख म्हणाला, आपण ४५ म्हणालो, ४६ ला सौदा झाला, आणि दोन लाख वाचले म्हणून पेढे वाटले गेले. ते ४८ आले कुठून, हे कोणी विचारीत नाही. मालकाच्या आकड्यावरून खाली उतरणे म्हणजे भाव करणे नव्हे. आपला आकडा आपण घरून काढून न्यायचा असतो.

मोजमाप आधी, दर नंतर

पहिली गोष्ट क्षेत्रफळाची. रेरा कायदा राज्यात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि नव्या प्रकल्पात चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर, विक्री करणे बंधनकारक झाले. जुन्या घरांच्या सौद्यात मात्र दलाल आजही सुपर बिल्टअपची भाषा बोलतात. समजा, ६४० फूट सुपर बिल्टअप, दर ७,५०० रुपये, किंमत ४८ लाख. ऐकायला दर हलका वाटतो. फीत लावून आतून मोजले तर पाय ठेवायला जागा ४२० फूट निघते. म्हणजे खरा दर फुटामागे ११,४०० च्या वर गेला. जिना आणि भिंतीची जाडी कोणी अंथरूण घालून झोपण्यासाठी वापरत नाही.

दुसरी गोष्ट दराची. शेजारी काय सांगतो त्यावर जाऊ नये. विकणारा वाढवून सांगतो, घेणारा लाजेने कमी सांगतो. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च मध्ये नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स-२ पाहता येतात. त्याच इमारतीतले किंवा त्याच गल्लीतले गेल्या वर्षभरातले तीन-चार सौदे काढावेत, किंमत आणि क्षेत्रफळ लिहून घ्यावे, भागाकार करावा. शाळेत जाणारा मुलगा हे काम करून देईल. त्याच्या जोडीला रेडी रेकनरचा दर पाहावा. हा बाजारभाव नव्हे. पण करारातली किंमत त्याहून कमी असली तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्या किमतीवरच भरावे लागते, आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर तो घेणाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो.

एक हिशेब करून पाहू

वरच्याच घराचा हिशेब पुढे नेऊ. समजा, आसपासचे नोंदलेले सौदे चटई क्षेत्रावर सरासरी ९,७०० रुपयांचे निघाले. ४२० फुटांचे ४०,७४,००० रुपये झाले. गळती, नळ आणि वायरिंगची दुरुस्ती दीड लाख. सोसायटीची थकबाकी ४० हजार. उरले ३८,८४,०००. म्हणजे या घराची किंमत आपल्यासाठी सुमारे ३९ लाख. मालक ४८ म्हणो नाहीतर ५२ म्हणो, आपला आकडा बदलत नाही.

आता वरचा खर्च. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के. एकट्या बाईच्या नावावर घर घेतले तर एक टक्का सवलत, जी २०२१ पासून मिळते. मुद्रांक आणि नोंदणी मिळून सुमारे तीन लाख. दलाली, वकील आणि सोसायटीचे हस्तांतर धरले तर एकूण चार लाखांच्या आसपास. महापालिका क्षेत्रात हस्तांतराच्या अधिमूल्याची कमाल मर्यादा २००१ च्या सरकारी परिपत्रकाने २५ हजार ठरवली आहे; ‘देणगी’ म्हणून लाख-दोन लाख मागितले तर ते परिपत्रक पुढे करावे. एकूण खिशातून जाणार ४३ लाख. हा आकडा परवडत नसेल तर ३९ ही बोलीसुद्धा आपल्यासाठी जास्तच आहे.

जिथे बोली शून्य

काही घरांसाठी योग्य बोली शून्य असते. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळ-डायघर येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवल्याचे २०२२ साली उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घेणाऱ्यांनी पैसे खरेच मोजले होते. तेव्हा महारेराचा क्रमांक पाहून समाधान मानू नये. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या नगररचना विभागातून खरे आहे का, हे स्वतः जाऊन विचारावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट मागावा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करण्याची.

आपल्या लोकांची एक अडचण उघड बोलली पाहिजे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली पुष्कळ कुटुंबे मुंब्रा-कौशाकडे आली. आजही काही सोसायट्यांत नाव ऐकून घर नाकारले जाते. निवड कमी झाली की गरज वाढते, आणि गरजू गिऱ्हाईक दलाल लांबून ओळखतो. कागद नसलेले घर ‘आपल्या वस्तीत आहे, स्वस्त आहे’ म्हणून गळ्यात मारले जाते. अर्ध्या किमतीत मिळालेले पाडकामाचे घर स्वस्त नसते. त्यात पूर्ण पुंजी बुडते. अशा वेळी वर्षभर भाड्याने राहणे हा तोटा नव्हे.

घर वारसांचे असेल तर आणखी जपावे. मुस्लिम वारसाहक्कात विधवेचा आणि मुलींचा हिस्सा ठरलेला आहे. थोरल्या भावाने सही केली म्हणजे घर विकले गेले असे होत नाही. सासरी गेलेल्या बहिणींच्याही सह्या हव्यात. त्या मिळेपर्यंत इसार देऊ नये.

येणाऱ्या मेट्रोचे पैसे

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणात झाले. त्या दिवसापासून दलालांच्या तोंडी प्रत्येक घर मेट्रोपासून पाच मिनिटांवर आहे. ज्या दिवशी गाडी धावेल त्या दिवशी भाव वाढेल तो आपला असावा. त्याचे पैसे आज मालकाला का द्यावेत? उलट वालधुनी आणि उल्हास नदीच्या काठच्या सखल भागात २६ जुलै २००५ ला पाणी किती चढले होते, हे खालच्या दुकानदाराला विचारावे आणि तेवढी बोली उतरवावी.

रोख रकमेचा मोह

‘दहा लाख रोख द्या, करार कमीचा करू’ असे मालक म्हणतो. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. शिवाय सौदा मोडला तर त्या दहा लाखांचा पुरावा नाही, आणि पुढे आपण घर विकू तेव्हा खरेदीची किंमत कमी दिसून नफ्यावरचा कर आपल्याच माथी येतो.

बोलणी कशी करावी

वरची मर्यादा घरात कागदावर लिहून ठेवावी आणि घरच्या बाईला दाखवावी. मोह झाला तर ती अडवील. आमच्या उदाहरणात पहिली बोली साडेछत्तीस लाखांची ठेवावी, पण हवेत नव्हे. इंडेक्स-२ चे कागद आणि दुरुस्तीचा अंदाज समोर ठेवून बोलावे. मालकाला पैसा कधी हवा आहे, हे जाणून घ्यावे. ज्याची रक्कम तयार आहे तो दोन महिन्यांत व्यवहार पुरा करू शकतो, आणि त्या वेगाला किंमत असते. मात्र आजारपणात किंवा कर्जात अडलेल्याचा गळा आवळणे हा व्यापार नव्हे. योग्य भाव माहीत असेल तर तो द्यावा. इसाराच्या चिठ्ठीत लिहून घ्यावे की तीस वर्षांच्या कागदांच्या तपासणीत दोष निघाला तर रक्कम परत मिळेल. ३९ वर मालक आला नाही तर सलाम करून उठावे.

शेवटी दुकानाच्या पुंजीबद्दल. ईद आणि दिवाळीचा माल भरायला लागणारे पैसे, कारखान्यातल्या सुताची उधारी आणि कारागिरांची मजुरी ही रक्कम घराच्या भिंतीत घालू नये. भिंत ऐन हंगामात मीटरने कापून विकता येत नाही. धंदा चालला तर पुढच्या वर्षी घर होईल. धंदा बसला तर घेतलेले घरही विकावे लागते, आणि तेव्हा आपणच ते अडलेले मालक असतो.