संघ बाहेर जातो तेव्हां

१४ जुलै २०१५ रोजीं न्यायमूर्ति लोढा यांच्या समितीनें चेन्नई व राजस्थान या दोन क्रिकेट-संघांस आयपीएल स्पर्धेंतून दोन वर्षांकरितां बाहेर काढलें. उभय संघांच्या कारभाराशीं निगडित अशीं माणसें सट्टेबाजींत गुंतलेलीं आढळलीं होतीं. शिक्षा योग्यच झाली, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु पदरचे पैसे मोडून सामन्यास जाणाऱ्या प्रेक्षकानें कोणता अपराध केला होता?

नगर जिल्ह्यास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, हा प्रश्न अगदींच परका नव्हता. संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथें जन्मलेला अजिंक्य रहाणे त्या वेळीं राजस्थानकडून खेळत असे. जयपूरशीं नगरकरांचें नातें तें काय असणार? पण आपल्या जिल्ह्याचा मुलगा ज्या संघांत, तो संघ आपला, हा हिशेब घरांतल्या आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांस पटण्याजोगा आहे. बंदीनंतर २०१६ मध्यें पुण्याचा नवा संघ निघाला आणि धोनी व रहाणे दोघेही त्यांत आले. माणूस आपला आणि संघही शेजारच्याच शहराचा! मात्र त्या संघाची मुदत मुळांतच दोन वर्षांची होती. भाड्याच्या घरांत कोणी तुळशीवृंदावन बांधावयास घेत नाहीं. २१ मे २०१७ रोजीं हैदराबादेस अंतिम सामन्यांत मुंबईनें पुण्यास अवघ्या एका धावेनें हरविलें. रहाणेनें ४४ धावा केल्या होत्या. तो त्या संघाचा शेवटचाच सामना ठरला. (पुण्याचें नशीब या बाबतींत जरा खोटेंच, २०११ मध्यें उतरलेला तेथील पहिला संघही २०१३ मध्येंच संपला होता.)

बंदी संपून २०१८ मध्यें दोन्ही संघ स्पर्धेंत परतले. कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूंत आंदोलन पेटल्यामुळें चेन्नईचे घरचे उरलेले सहा सामने पुण्याजवळ गहुंजे येथें हलवावे लागले. दोन वर्षें वाट पाहिलेल्या लोकांच्या हातीं घरचा एकच सामना लागला. तेव्हां संघाच्या चालकांनीं खास आगगाडी सोडली आणि हजारएक प्रेक्षक पिवळे सदरे घालून, हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास करून पुण्यास आले. २० एप्रिलच्या त्या सामन्यांत समोर राजस्थानच होतें, आणि त्याचा कर्णधार होता रहाणे! वर्षापूर्वीं ज्या मैदानावर तो यजमान, तेथेंच आतां पाहुणा. पूर्वीं अनेक वर्षें राजस्थानचा आधारस्तंभ असलेल्या शेन वॉटसननें चेन्नईकडून १०६ धावा काढल्या व राजस्थान ६४ धावांनीं हरलें.

खेळाडूमागून जाणाऱ्या निष्ठेची अशी फरफट होते. आश्वीच्या मुलासाठीं नगरकरानें तीन वर्षांत राजस्थान, पुणें आणि पुन्हां राजस्थान असा प्रवास करावयाचा. चेन्नईकराला मात्र मैदान बदललें तरी सदरा बदलावा लागला नाहीं. तरीही आम्ही नगरकरास कमी लेखणार नाहीं. ज्या जिल्ह्याच्या वांट्यास स्वतःचा संघच आलेला नाहीं, त्यानें आपल्या माणसावांचून दुसरें काय धरून ठेवावयाचें?

त्या वर्षीं २७ मे रोजीं चेन्नईनें विजेतेपद मिळविलें. राजस्थान चार दिवस आधींच कलकत्त्याकडून हरून स्पर्धेबाहेर पडलें होतें.