वेबसाईटच्या नावाची नोंद : विश्वासाचा रजिस्ट्रार कसा निवडावा?
— ऊस विकास अधिकारी



ऊस नोंदीचे महत्त्व तुम्हाला नव्याने सांगायला नको. लागणीची तारीख, गट नंबर, जात आणि क्षेत्र गट ऑफिसच्या रजिस्टरला वेळेत लागले, तरच तोडीचा कार्यक्रम नीट बसतो. आणि नोंद ज्याच्या नावावर, बिलही त्याच्याच खात्यावर. शेत तुमचे, घाम तुमचा, पण नोंद दुसऱ्याच्या नावावर पडली, तर आपल्याच पैशासाठी त्याच्या दारात उभे राहावे लागते. आज लिहितो आहे ते अशाच एका नोंदीबद्दल, पण ती उसाची नाही, वेबसाईटच्या नावाची आहे.

काहीजण म्हणतील, साहेबांनी खोडव्याचं नियोजन सोडून हे काय काढलं? त्याचे कारण सांगतो.

आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या मुलाने ऊस रोपवाटिका काढली. को ८६०३२ ची रोपे चांगली, मर कमी. परजिल्ह्यातून मागणी येऊ लागली, तेव्हा वेबसाईट काढावी असे त्याच्या मनात आले. त्याने मला विचारले आणि मी सहज सांगून गेलो, “बाजारपेठेत कॉम्प्युटरवाला आहे, त्याच्याकडून करून घे.” त्याने करून घेतली. टेम्पोवर, पावतीबुकावर, रोपांच्या ट्रेवर ते नाव छापले. चार वर्षे काम छान चालले. मग दुकानदाराने दुकान बंद केले, फोन लागेना आणि एके दिवशी वेबसाईटही उघडेना. चौकशीअंती कळले, की नावाची नोंद दुकानदाराच्याच नावावर होती. मुदत संपत आल्याची पत्रे त्याच्याच ईमेलवर जात होती. मुदत टळली, नाव मोकळे झाले आणि भलत्याच कुणीतरी ते घेतले. पोरगा मला म्हणाला, “साहेब, मी दरवर्षी पैसे भरत होतो की!” भरत होताच. पण नोंद त्याची नव्हती. सल्ला माझा होता, म्हणून हा लेख लिहिणे मला भाग आहे.

आता ही व्यवस्था कशी चालते ते पाहू.

रजिस्ट्रार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सहकार खात्याचे निबंधक येतात. हा रजिस्ट्रार वेगळा. वेबसाईटच्या नावाला डोमेन म्हणतात. प्रत्येक शेपटाचे, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन वगैरेचे, एक मूळ रजिस्टर असते. ते सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्री म्हणतात. आपल्या देशाच्या डॉट इनचे रजिस्टर नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, ही संस्था सांभाळते. देवनागरीत लिहिलेले डॉट भारतही तिच्याकडेच आहे. मूळ रजिस्टरला आपली नोंद लावून देणारी मान्यताप्राप्त कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. डॉट कॉमसारख्या नावांच्या रजिस्ट्रारना मान्यता देते ती १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली आयकॅन ही संस्था. रजिस्ट्रारच्या खाली पुन्हा मध्यस्थ असतात. आपला बाजारपेठेतला दुकानदार बहुधा असा मध्यस्थच असतो.

आणखी एक गोष्ट. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते खंडाने घेतलेल्या रानासारखे असते. डॉट कॉमची मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षे. खंड थकला की रान गेले.

मोठ्या कंपन्याही यात चुकल्या आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेल वापरणाऱ्या अनेकांना आपले ईमेल उघडता येईना. एका प्रोग्रामरने पदरचे ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. रजिस्ट्रारच बुडाला तर काय होते, हे २००७ साली दिसले. रजिस्टरफ्लाय नावाच्या अमेरिकन रजिस्ट्रारकडे लाखो नावे होती. नूतनीकरणाचे पैसे घेतले पण नूतनीकरण केले नाही, अशा ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या. शेवटी आयकॅनने त्या कंपनीची मान्यता काढली आणि नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवली. त्याच वर्षी, रजिस्ट्रारने आपल्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे ठेवण्याच्या अटीची अंमलबजावणी सुरू झाली. याचा अर्थ, मान्यता असली म्हणजे फसगत होणारच नाही असे नाही. पण मान्यता असेल तर दाद मागायला वर कुणीतरी असते.

तेव्हा नाव घेताना सभासदांनी पुढील दक्षता घ्यावी.

१) मान्यता तपासावी. मान्यताप्राप्त रजिस्ट्रारची यादी डॉट कॉमसाठी आयकॅनच्या आणि डॉट इनसाठी निक्सीच्या संकेतस्थळावर असते. मध्यस्थाकडून घेत असाल, तर “तुमचा रजिस्ट्रार कोण?” हे आधी विचारावे. उत्तर देता आले नाही, तर तिथून उठावे.

२) नोंद स्वतःच्या नावावर करावी. हे सर्वांत महत्त्वाचे. मालकाच्या रकान्यात तुमचे किंवा तुमच्या संस्थेचे नाव, तुमचा ईमेल आणि तुमचाच मोबाईल असावा. ईमेल त्याच वेबसाईटच्या नावाचा देऊ नये. नाव बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो. दुकानदाराला कामाची मजुरी खुशाल द्यावी, पण खात्याची किल्ली आपल्याकडे ठेवावी.

३) दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा. पहिल्या वर्षी अगदी स्वस्त आणि पुढच्या वर्षी तिप्पट, असे प्रकार होतात. फुकट कांडी देणारा पुढे खताला किती लावतो ते आधी पाहावे, तसेच हे. पक्की पावती घ्यावी.

४) बाहेर पडायची वाट विचारावी. एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी एक गुप्त संकेतांक लागतो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी, मागितल्यावर तो ५ दिवसांत देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. नवीन नोंदीनंतर सुरुवातीचे काही दिवस नाव हलवता येत नाही, हे रीतसर आहे. पण त्यानंतरही जो अडवतो, तो विश्वासाचा नव्हे.

५) कुलूप लावावे. नाव परस्पर हलू नये म्हणून ट्रान्सफर लॉकची सोय असते. ती चालू ठेवावी. खात्यात शिरताना मोबाईलवर ओटीपी येईल अशी व्यवस्था करावी आणि तो कुणालाही सांगू नये.

६) पैसे भरण्यापूर्वी एक फोन करावा. माणूस बोलतो का, नीट उत्तर देतो का, ते पाहावे. अडचणीच्या दिवशी तोच कामाला येणार असतो.

आता मुदतीबद्दल. डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी साधारण एक महिना व एक आठवडा अशा दोन सूचना आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांत तिसरी सूचना द्यायची असते. नोंद खोडली गेली, तरी आणखी ३० दिवस जादा आकार भरून नाव परत मिळवता येते. त्यानंतर मात्र ते कुणालाही मोकळे होते. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आणि “तुमचे नाव संपत आहे, लगेच पैसे भरा” असे पत्र भलत्याच कंपनीकडून आले, तर ते बिल समजून भरू नये. आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन तारीख स्वतः पाहावी.

ज्यांची वेबसाईट आधीपासून आहे, त्यांनी आयकॅनच्या लुकअप पानावर आपले नाव टाकून पाहावे. रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते आणि कुलूप आहे की नाही, ते तिथे दिसते. मालकाचे नाव आता बहुधा झाकलेले असते, म्हणून ते रजिस्ट्रारकडील खाते उघडूनच खात्री करावी. खाते दुकानदाराकडे असेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या नावावर करून घ्यावे.

त्या रोपवाटिकेच्या मुलाने आता डॉट इनचे नवे नाव स्वतःच्या नावावर घेतले आहे. टेम्पो पुन्हा रंगवावा लागला, जुने ट्रे मात्र तसेच वापरतो आहे. जुन्या नावावर येणारी गिऱ्हाइके किती तुटली, याचा हिशोब त्याच्याकडेही नाही.

आपण सातबारा दरवर्षी काढून नजरेखालून घालतो. त्याच दिवशी वेबसाईटच्या नावाचीही तारीख पाहावी, एवढीच विनंती. अडचण आल्यास गट ऑफिसला यावे. या वेळी मी नुसते दुकान दाखवणार नाही, शेजारी बसून नोंद कुणाच्या नावावर पडते ते तुमच्याबरोबर पाहीन.